खळ घातलेलं झबलं

कडक खळ घातलेल्या सुती साडीची घडी उलगडताना होणारा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? वाळलेल्या सागाच्या पानावर कोणी जपून पाऊल ठेवावं तसा तो आवाज. करकरीत, शिष्ट आणि किंचित धाक घालणारा. आज सकाळी नालवाडीच्या आमच्या ओसरीवर पुण्याहून आलेलं एक गाठोडं सोडलं, आणि आतल्या शुभ्र साडीनं नेमका तोच उद्गार काढला. साडी कुणाची ते मी शेवटी सांगणार आहे. एवढी लबाडी मला या वयात शोभते. पण त्या आवाजासरशी मला एक बाई समोरून चालत येताना दिसली. ताठ मान, ताठ पदर, ताठ भुवया. ओळखलं मी तिला. ती मीच होते.

काय तिचा तोरा सांगावा! वर्ध्यातल्या एका दवाखान्यात, प्रसूतीच्या वॉर्डात ती परिचारिका होती, आणि पांढऱ्या साडीला तांदळाच्या पेजेची अशी खळ घाली की बाई खाली बसली तरी साडी उभीच राही. दाराशी तो करकर आवाज आला की कण्हणाऱ्या बाया कण्हणं आवरत, खाटेच्या कडेला टेकलेले नातेवाईक टुणकन उठत, आणि हिला वाटे, हा सारा आदर आपल्या ज्ञानाचा! वेडी कुठली! आदर पेजेचा होता. जुन्या मराठीत खळ म्हणजे दुष्ट, हे तिला ठाऊक असतं तर तिनं साडीला जरा कमी घातली असती का? मला नाही वाटत. घरी नवराही तिला 'सिस्टर' म्हणे. ती त्या संबोधनात प्रीती शोधी, आणि तो बिचारा फक्त शिस्त पाळत असे.

मात्र एक गोष्ट त्या ताठ बाईच्याही नजरेतून सुटली नव्हती. तिच्या वॉर्डात जन्मलेल्या बाळांना शहरातली माणसं चकचकीत, जाळीच्या झालरीचे नवे फ्रॉक आणत, आणि ती इवली मान दिवसभरात लाल होई. खेड्यातल्या आज्या मात्र पदराआडून जुन्या लुगड्याची झबली काढत. आमच्याकडे बाळाच्या अंगावर पहिलं कापड नवं घालत नाहीत. घरातल्या कुणाच्या तरी अंगावर झिजून मऊ झालेलं, उन्हातान्हाचं, ओळखीच्या वासाचं कापडच त्याला आधी लागायला हवं. त्या झबल्यातली बाळं कशी निजत! जणू आईच्या पोटातून निघून थेट आजीच्या मांडीत आली.

पन्नाशी उलटली, गुडघे वॉर्डाआधी घराचा रस्ता सांगू लागले, आणि मनात एक खूळ शिरलं. आपण घरी बसून झबली शिवावीत आणि फोनवरून विकावीत! नागपूरला दिलेल्या माझ्या लेकीनं, मुक्तानं, फोनवर दुकान मांडून दिलं. दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी बिनपगारी रजा दिली, पण बजावून: दिवाळी झाली की रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. गल्लीत कुजबूज झालीच. पक्की नोकरी टाकून लंगोट शिवणारी बाई यांनी अजून पाहिली नव्हती.

मग या विदुषीनं काय करावं? नवी कोरी मलमल आणली, बटणांऐवजी बंद लावले, टाका इतका बारीक की शोधावा लागे. आणि विकायचा माल देखणा दिसावा म्हणून प्रत्येक झबल्याला सवयीनं कडक खळ घालून, इस्त्री करून पाठवून दिलं! तान्ह्या बाळाच्या अंगाला खळ! उभं आयुष्य बाळंतिणींमध्ये काढलेली बाई, आणि तिच्या हाताला हे सुचावं? हात सवयीचे गुलाम असतात हेच खरं. डोकं जागं होईपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असतं.

पार्सलं परत येऊ लागली. पुण्याच्या एकीनं दुकानाच्या पानावर सर्वांदेखत लिहिलं, की हे झबलं आहे की पुठ्ठा? त्या दिवशी आमचे हे केळझरकडच्या शेतातून आले, ओसरीवरचं एक झबलं उचललं आणि फरशीवर ठेवलं. ते उभं राहिलं! माणूस एरवी चार शब्दांचा. पण त्या दिवशी शांतपणे म्हणाला,

"सिस्टर, पाण्यात टाकलं त झबल्याची खळ निघन. तुही कधी निघन?"

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हार मानून रुजू व्हायची साडी कडक करून खुंटीला टांगली. दिवाळी होऊन गेली होती, आणि मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं खुंटीकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, माह्या बाळाले पहिलं झबलं ह्याच साडीचं पाहिजे. लहानपणी ही साडी पाहून मले तुह्या मांडीवर बसायची भीती वाटे."

सांगा, यावर कोणती आई इस्त्री शोधायला जाईल?

रुजू व्हायच्या सकाळी मी ती साडी बादलीत भिजत घातली. पाणी दुधासारखं गढूळलं, आणि खळीखालून जे कापड वर आलं ते पाहून मी थक्क झाले! हजार धुण्यांनी झिजलेलं, सायीसारखं मऊ. इतकी वर्षं मी हे मार्दव अंगावर वागवत होते आणि रोज सकाळी नेमानं त्याला कडक करत होते! वाळल्यावर काठाला दातांनी चीर दिली आणि साडी टर्रकन फाडली. तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन आला: अजून पोचला कशा नाहीत?

"येत नाही बाई. माझी साडी फाटली."

"मग दुसरी नेसून या."

"सगळ्याच फाडणार आहे."

हाच माझा राजीनामा. कागदावरचा नंतर पाठवला. तो इतका रंगला नव्हता.

नात झाली. त्या झबल्यात गाढ निजलेल्या तिचं छायाचित्र मुक्तानं दुकानावर लावलं, खाली साडीची हकीकत लिहिली, आणि पहिला निरोप आला तो त्या पुठ्ठेवालीचाच! तिनं विचारलं, माझ्या आईची साडी पाठवली तर शिवाल का? त्या एका प्रश्नात माझा सगळा धंदा उभा राहिला. कापड तुमच्या घरचं, टाका माझा. आता गाठोडी कुठून कुठून येतात. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या आजोबांचं धोतर, तर कुणी हळदीचा डाग असलेला पदर पाठवून सांगतं, डाग तेवढा राहू द्या. पूर्वी कुजबुजणाऱ्या गल्लीतल्या चौघी आज माझ्या ओसरीवर मशीन चालवतात, आणि कुजबूज अजूनही करतात, पण दुसऱ्यांबद्दल. गाठोड्यांना मी पेशंट म्हणते. संध्याकाळी हे विचारतात, "आज किती भरती, किती सुट्टी?" 'सिस्टर' म्हणणं मात्र त्यांनी सोडलेलं नाही. आता मला त्यात खरंच प्रीती सापडते, शोधावी लागत नाही.

आणि ही आजची पांढरी साडी? ती मेट्रनबाईंची. निवृत्त होऊन त्या मुलाकडे पुण्याला राहतात, आणि आता आजी होणार आहेत. फोनवर त्यांचा निरोप आहे: "माझी एकच फाडा. बाकीच्या असू द्या."

मी मनमुराद हसले. मग बादलीत पाणी घेतलं आणि ती ताठ, करकरीत घडी हळूच आत सोडली. आधी ती तरंगली. बुडणं तिच्या प्रतिष्ठेला साजेसं नसावं. मी तळव्यानं तिला जरा दाबलं आणि कानाशी बोलावं तसं म्हणाले, "व्हा बाई, सैल व्हा. मलेही वेळ लागला होता." पाणी गढूळलं. मी तिला एकदा या हातातून त्या हातात घेतलं.

आवाज झाला नाही.