ठिपक्यांचा मोर

जठारपेठेत कपांवर चित्रं छापून देणाऱ्या दुकानात तो म्हातारा मला एकदाच भेटला. ऑफिसातल्या एका बाईंच्या निरोप समारंभासाठी मी कप करून घ्यायला गेले होते. त्याने पिशवीतून वहीचा कागद काढला. त्यावर मोर होता, मोराखाली एका बाईचं नाव, आणि सगळं नुसत्या बारीक ठिपक्यांनी काढलेलं.

"काका, कम्प्युटरवर याची सरळ रेघ करून देतो," दुकानदार म्हणाला.

"ठिपके राहू दे गा. माया हात तसाच हाय."

जन्मभर त्याने भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून लोकांच्या भांड्यांवर मशीनने ठिपक्याठिपक्यांची नावं टाकली होती. आत्ताही हातातलं पेन तो मशीनसारखं उभं धरून काउंटरवर टकटक करत होता.

"नाव कोणाचं?" मी विचारलं.

"बायकोचं. दिवाळीत गेली. लोकाइच्या लग्नाच्या भांड्याइवर मोर काढले, घरी एका वाटीवर तिचं नाव नाई."

"काहून?"

"भांडं हरपू नाई म्हणून नाव टाकतेत. आमचे भांडे कुठी जात नोते." पेन काउंटरवर ठेवून म्हणाला, "आताबी सारे घरातच हायेत."

कप छापून आला. त्याने पाहण्याआधी नावावरून अंगठा फिरवला. भांड्यावरचं नाव हाताला लागतं. हे तर गुळगुळीत. तरी तो कितीतरी वेळ चाचपत राहिला.