जीपच्या पोटाखाली

आमच्या जीपला वरून कुणी नावं ठेवली नसती. बॉनेट चकचकीत, काचा स्वच्छ, सीटची कव्हरं मी स्वतः पसंत करून शिवून घेतलेली. दर रविवारी मी तिला पाइप लावून धुवायचे आणि सोसायटीतल्या कुणी वळून बघितलं की मला बरं वाटायचं. खाली वाकून बघावं, हे मात्र इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. तोंड रोज धुवायचं आणि पाय चिखलाचे तसेच ठेवायचे, असला माझा कारभार.

जीप पंधरा वर्षांची झाली आणि नोंदणी पुन्हा करून घ्यायची वेळ आली. "आता काढू मोडीत," नवरा म्हणाला. त्याला एक बुटकी, आपोआप गिअर बदलणारी गाडी आवडली होती. मी भडकले. भडकायला मला फार काही लागत नाही, पण या वेळी कारण होतं. देवळा गावाच्या बाजूला आमचं शेत आहे आणि शेताच्या अलीकडे नाला. पावसाळ्यात चारही चाकं ओढणारी गाडी असेल तरच तो पार होतो. बुटकी गाडी काठावरच माघार घेणार. आणि शनिवार-रविवार शेतावर गेल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नाही. एरवी नाशिकच्या फ्लॅटमध्ये त्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसून खालच्या रिक्षा बघतात. शेतावर पोचल्या की चपला काढून थेट कांद्याच्या वाफ्यात शिरतात आणि सगळ्यांना कामाला लावतात. जीप गेली की पावसाळाभर हे बंद.

मी तसं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "आई राहील की घरी."

सासूबाई उठून गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि खालच्या रिक्षा बघायला लागल्या. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर जीप काढली आणि द्वारका चौकाच्या पुढच्या गॅरेजला निघाले. "मी पण येते," म्हणत सासूबाई पुढच्या सीटवर चढून बसल्यासुद्धा. गॅरेज एका पांढऱ्या दाढीच्या चाचांचं. कामाला चोख माणूस, पण चांगली बातमी सांगायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी जीप खड्ड्यावर घेतली, बॅटरी घेऊन खाली उतरले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा ठोकायला लागले. ठक, ठक, ठक. मग एका ठिकाणी आवाजच आला नाही. स्क्रू ड्रायव्हर आत गेला होता.

मीही साडी खोचून खड्ड्यात उतरले. वर बघितलं तर आमच्या नाल्याचा सगळा चिखल तिथे थराथरांनी वाळून बसलेला, आणि त्याच्याखाली पत्र्याचे पापुद्रे सुटलेले.

"मॅडम, ये पत्रा नाय, पापड हाय," चाचा म्हणाले.

"काय म्हणतोय तो?" वरून सासूबाई.

"पत्र्याचा पापड झालाय म्हणतात."

"मग तळू नको म्हणावं."

चाचांना हसू आलं, पण त्यांनी ते दाढीत दाबलं. ते म्हणाले, तळाचा पत्रा कापून नवा टाकता येईल, पुढच्या आडव्या दांडीला पट्टी मारता येईल. पण खरी अडचण चेसिस नंबरची. तो पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, सांगाड्याच्या लोखंडावरच ठोकलेला असतो. आरटीओचा माणूस तो तपासतो, त्यावर कागद धरून पेन्सिलीने घासून छाप घेतो. नंबर वाचता आला नाही तर बाकीचं सगळं वेल्डिंग पाण्यात. आणि चाकाचा चिखल सर्वांत जास्त उडतो तो नेमका तिथेच.

"नंबर गया होगा," चाचांनी जाहीर करून टाकलं.

मला रडू यायला लागलं. रडू आलं की मी जास्तच चिडते. "आधी बघा तरी!" मी ओरडले. चाचांनी खांदे उडवले, चाकाजवळ हात घातला आणि पत्र्याच्या पट्टीने चिखल खरवडायला घेतला. ढेकळं पडत गेली. मग त्यांचा हात थांबला.

"ये क्या है?"

चिखलाखाली केशरी रंगाचा जाड, कडक थर होता. बाकी सगळा सांगाडा गंजून तपकिरी, आणि तळहाताएवढी ही जागा भडक केशरी. चाचांना वाटलं, कुणीतरी कसला प्राइमर मारलाय. मला वेगळी शंका आली. वणीच्या गडावर देवीला एकदा जरी गेलेला माणूस हा रंग विसरणार नाही. तेलात कालवलेला शेंदूर होता तो, वर्षानुवर्षं थरावर थर चढलेला.

मी खड्ड्यातून वर बघितलं. सासूबाई रस्त्यावरच्या रिक्षा फार मन लावून बघत होत्या.

"आई, इथे शेंदूर कुणी लावला?"

"मीच की. दर दसऱ्याला लावते. तुम्ही लोकं बॉनेटला हार घालता, फोटो काढता. मुख्य जागेकडं कुणाचं ध्यान नाय."

"मुख्य जागा? ही?"

मग त्यांनी सांगितलं. जीप घेतली तेव्हा एक माणूस कागदं घेऊन घरी आला. सरळ त्या चाकापाशी जाऊन वाकला, कागद लावून काहीतरी घासलं. त्याच्यामागून नवरा वाकला. शेवटी मामंजीही वाकले, जे कंबरेचं कारण सांगून देवीपुढेसुद्धा ताठ उभे राहायचे.

"म्हटलं, हे सगळे इथं वाकतात म्हणजे गाडीचं ठाणं इथंच हाय," सासूबाई म्हणाल्या. "चुकलं का काही?"

मी खड्ड्यात मटकन बसले आणि पोट धरून हसले. चाचांना अर्थ सांगितला तर तेही जीपच्या चाकाला टेकून हसायला लागले. सासूबाई तेवढ्या गंभीर. त्यांनी चाकापाशी येऊन, वाकून त्या जागेला हात जोडले आणि म्हणाल्या, "काढ आता, बाबा." चाचांनी रॉकेलच्या बोळ्याने शेंदूर हळूहळू पुसला. खालून एकेक अक्षर, एकेक आकडा असा निघाला, जणू कालच ठोकलेला.

चाचांनी तो दोनदा वाचला. आपलं भाकीत खोटं पडल्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. "अम्मी, बाकी गाडीको भी लगाना था ना," ते म्हणाले.

"सगळ्या गाडीला लावला असता तर लोकांनी पुढं नारळ फोडले असते," सासूबाई म्हणाल्या. "मग चालवायची कुणी?"

पुढचे काही दिवस मी शाळेतून थेट गॅरेजात जायचे. चिखल मी खरवडला, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातला, नखं काळी करून. चाचांनी सडका पत्रा कापला, नवा जोडला, वर लाल प्राइमर आणि त्यावर काळा जाड थर मारला. एके दिवशी नवरा बघायला आला. खड्ड्यात उतरून त्याने वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आला. मला इतका आनंद झाला की त्याला चिडवायचंही राहून गेलं.

आरटीओत तपासणीला सासूबाई बरोबर होत्याच. अधिकाऱ्याने कागद बघितले, पुढच्या उजव्या चाकापाशी गेला आणि नंबर बघायला वाकला. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघ, हा पण वाकला."

काम झालं. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवसांचं दिलं?"

"पाच वर्षं, आई."

"पाच वर्षं!" त्या समोर काचेतून बघत राहिल्या. मग हसल्या. "मला तर डॉक्टर महिन्याच्या वर गोळ्या लिहून देत नाय."

मी किल्ली लावली आणि हात तिच्यावरच ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. त्यांचं हसणं बघून मलाही हसू येत होतं. त्यांनी सीटसमोरची धरायची दांडी घट्ट पकडली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बसली काय अशी? घे शेतावर."