पारूच्या हातातल्या दोन पुड्या

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटले! बायकोने बरणी उन्हात ठेवली आणि मी खारट बोट चाटत थेट पेणच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गात जाऊन बसलो.

बाईंनी चौघाचौघांचे गट पाडले होते. प्रत्येक गटाला तराजू, वजनं आणि मिठाच्या दोन सारख्या पुड्या. एका पुडीचं वजन क्ष, ते शोधायचं. पण चौघांचं एकमत झाल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही.

आमच्या गटात मिठागरावरची पारू होती. गणित जमलं तरच शाळा, नाहीतर आईबरोबर मीठ ओढायला, असं तिच्या बापाने बजावलं होतं. मी दोन्ही पुड्या एकदम तोलल्या, वजनाला दोनाने भागलं आणि सेनापतीच्या थाटात उत्तर काढून मोकळा झालो. पारूने मात्र दोन्ही पुड्या हातांत तोलल्या आणि मान हलवली. "नाय रे. ही वली हाय, जड लागते. दोनी क्ष सारखं नाय."

ती काही केल्या हो म्हणेना. बाकीचे गट टाळ्या पिटत सुटले, आम्ही शेवटचे.

समीकरण मुळातच चुकलंय, हे अख्ख्या वर्गात तिला एकटीला कळलं होतं. मला ते उमगायला बरीच वर्षं लागली. दुसऱ्या दिवसापासून पारू शाळेत आली नाही. बापाने नेली, असं सगळे म्हणाले. पण त्याआधी भर वर्गात, तिच्या बापाच्याही आधी, मीच ओरडलो होतो, "गप गो! तुला गणित नाय जमायचा, जा तू मिठागरावर!"