भिंतीवरची सनद आणि इनामदारसाहेब

दार उघडलं तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, "मीही इनामदार. नातं नाही, घाबरू नका."

पुण्यात ज्या ज्या इनामदारांचा पत्ता लागेल त्यांच्या दारी जाऊन ते हेच म्हणत. डोक्याला पांढरी टोपी, इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत एक लांबट वही. आपण शनिवार पेठेतले ब्राह्मण, ते गंज पेठेतले मुसलमान. मुलांनो, तुम्हाला तिकडे परदेशात हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते. आपल्याकडची पुष्कळ आडनावं रक्तावरून पडलेली नाहीत. ज्याला सरकारातून जमीन इनाम मिळाली तो इनामदार, मग तो देवळातला पुजारी असो की विहीर राखणारा. आमचं आणि त्यांचं मूळ गाव मात्र एकच निघालं, सासवडच्या बाजूचं. तुमचे आजोबा खूश झाले. "या, बसा. म्हणजे आम्ही तुम्हाला इनामदार म्हणायचं आणि तुम्ही आम्हाला!"

ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले कारकून. जुने मोडी कागद वाचायला नोकरीतच शिकले. पण या शोधाला लागले ते मुलामुळे. मुलगा खराडीला नोकरीला, तिकडेच फ्लॅट बघत होता. सगळं ठरत आलं आणि सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्यानं विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"पुण्याचेच."

"ते झालं हो. पण मूळचे?"

फ्लॅट मिळाला नाही. मुलानं दुसरीकडे भाड्यानं घर घेतलं आणि विषय सोडून दिला. वडिलांनी सोडला नाही. "मुलगा म्हणतो, जाऊ द्या अब्बा," ते आम्हाला म्हणाले. "पण वहिनी, प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायला हवं. आणि उत्तराला कागद हवा." त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते, की घाटाखालच्या विहिरीवर वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी पूर्वजाला जमीन मिळाली होती, तिची सनद होती. त्यांच्या आजोबांच्या काळात ती कुठल्याशा चौकशीसाठी कचेरीत गेली, ती परत आली नाही. तेवढा एक कागद त्यांना मरण्याआधी पाहायचा होता.

"सनद?" तुमचे आजोबा म्हणाले. "ही बघा सनद!"

ते नेहमी ज्या खुर्चीत बसत, तिच्या वरच ती फ्रेम होती. देवळाच्या पूजेसाठी आपल्या पूर्वजांना मिळालेली सनद, असं तुमचे पणजोबा सांगत. ती कोणी वाचली होती का, हे मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. "वाचायची काय गरज? घरात टांगलेली आहे ना!" असं उत्तर मिळालं.

इनामदारसाहेब उठले. चष्मा पुसून जवळ गेले आणि बराच वेळ उभे राहिले. चहा निवून गेला. मग म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे."

"वाचून तर दाखवा," आजोबा म्हणाले.

"मी कोणाला वाचून दाखवत नाही, साहेब. ज्यानं त्यानं स्वतः वाचावं." एवढं बोलून त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि आजोबांच्या छातीच्या दुखण्याची चौकशी केली. त्या हिवाळ्यात आजोबा गेले. तेव्हा ते भेटायला आले, दाराशीच बसून राहिले, फ्रेमकडे त्यांनी पाहिलं नाही.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "वहिनी, मोडी शिकता का? वेळ जाईल."

दर गुरुवारी सकाळी ते येत. मोडीत लेखणी न उचलता ओळ ओढत नेतात, शब्द कुठे संपला ते कळत नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई, मला अर्थ कळल्याशिवाय पुढे जाववत नसे. ते म्हणत, "अक्षर सांगीन, अर्थ सांगणार नाही." मी चिडून वही मिटली तर शांतपणे उघडून देत.

पुढे मला दप्तरखान्यात नेऊ लागले. तिथे जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. ते हात धुऊन रुमाल सोडत आणि जशी गाठ होती तशीच पुन्हा मारत. इनामदार दिसला, की वहीत नाव, गाव, इनाम कशाबद्दल, हे लिहीत. शेवटचा रकाना नात्याचा. त्यात प्रत्येकापुढे नेटकेपणानं "नाही" लिहिलेलं. मी म्हटलं, "नातं नाही तर लिहिता कशाला?" तर म्हणाले, "माझा नाही हे कळल्याशिवाय माझा कोणता ते कसं कळणार?" एकदा कोणी सद्गृहस्थ आपल्या पणजोबांचा कागद घेऊन मागे लागले. इनामदारसाहेबांनी त्यांच्या हातात मोडी मुळाक्षरांचा तक्ता ठेवला. "फार खडूस आहे हो म्हातारा," ते गृहस्थ मला म्हणाले. मी म्हटलं, "मला विचारा."

चौथ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी ती फ्रेम खाली उतरवली आणि सहज वाचू लागले. "विहीर" लागलं. "पाणी" लागलं. देऊळ कुठेच लागेना. मग नाव आलं. शेख दाऊद. तक्ता काढून तीनदा ताडून पाहिलं. शेख दाऊदच.

आता जे लिहिते ते तुमच्या बाबालाही सांगितलेलं नाही. मी फ्रेम पुसली आणि परत भिंतीवर लावली. आठ दिवस तिच्याखाली बसून जेवले, पेपर वाचला. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या आजोबांनी ती दाखवली होती. नवव्या दिवशी ती जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षानं गंज पेठेत गेले.

ते अंथरुणावर होते. श्वास लागत होता. दोन गुरुवार आले नव्हते, आणि मी, खरं सांगते, फोन करायला धजले नव्हते. चादर सोडल्यावर त्यांनी फ्रेमवर हात ठेवला.

"वाचलीत?"

"वाचली."

"मग आज वाचून दाखवा. मला आता दिसत नाही."

मी वाचू लागले. एका ठिकाणी अडले, तर डोळे मिटल्या मिटल्या त्यांनी अक्षर सांगितलं. अर्थ सांगितला नाही. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाले, "चार वर्षं लावलीत. फार सावकाश शिकता, वहिनी."

"त्याच दिवशी का नाही बोललात?"

"साहेब तिच्याखाली बसले होते." मग म्हणाले, "त्या चौकशीत आपल्या गावच्या दोन्ही इनामदारांचे कागद गेले होते. कचेरीच्या वहीत एवढंच लिहिलंय, इनामदार यांस परत. कोणा इनामदारास, ते लिहायचं राहिलं. तुमच्या सासऱ्यांची काही चूक नाही. आणि मी वाचली असती तर तुम्ही म्हणाला असता, हा आपल्या सोयीचं वाचतोय."

"मी नसतं म्हटलं."

"म्हटलं असतंत," ते म्हणाले.

खरं आहे, म्हटलं असतं.

पंधरवड्यात ते गेले. माझे ते आठ दिवस त्यांच्या त्या पंधरवड्यातून मला कधी वजा करता येत नाहीत. फ्रेम आता त्यांच्या मुलाच्या भाड्याच्या घरात आहे, दारासमोरच. वही त्यानं मला दिली. तिच्यात आपल्या घराची ओळ आहे: नाव, गाव, "देवळाची पूजा, कागद मिळाला नाही". नात्याचा रकाना फक्त आमच्यापुढे कोरा आहे. त्यात काय लिहायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.

मुलांनो, शाळेच्या प्रकल्पात तुम्ही त्या सनदेचा फोटो "आमच्या घराण्याची" म्हणून लावला होता. ते दुरुस्त करा आणि बाईंना तसं सांगा. आपला कागद असेल तर कुठल्यातरी रुमालात असेल. मी गुरुवारी जाते आहे. याल तेव्हा खुर्चीवरच्या भिंतीवर चौकोनी उजळ डाग दिसेल, तो मी रंगवून घेतलेला नाही.

आणि हे पत्र बाबाकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी चालेल, स्वतः वाचा. अडलात तर फोन करा. अक्षर सांगेन, अर्थ सांगणार नाही.