मी म्हणेन ते घडेल

मस्कतमधल्या ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथल्या मुलीने काल नवं कॉमिक उघडलं. शाईचा वास आला आणि माझं लाटणं थांबलं.

मी सातवीत होते, परीक्षा तोंडावर होती. माझ्या कॉमिकमधला निळ्या झग्यातला नायक बोलेल तसं जग बदलायचा. मीही गडग्यावर, अंगणाच्या दगडी कुंपणावर, चढून ओरडले, "माजी शाळा सुटांदे!" त्याच क्षणी कलमाची फांदी कडकन मोडली आणि आंबे काढणारे बाबा खाली कोसळले. आंब्याच्या चिकाचा वास तेवढा आठवतो.

कणकवलीच्या दवाखान्यात मी रडत सगळं कबूल केलं. पाय प्लास्टरात असलेले बाबा हसले. "खुळी गो तू! तुझ्या सांगण्यान मी पडलंय, तर तुझ्याच सांगण्यान उठतलंय. सांग बघू!"

"बाबा चलांदेत," मी पुटपुटले.

"व्हय म्हाराजा!" देवळात देवाकडे मागणं मागणाऱ्या गाऱ्हाण्याला गाव देतो तशी साद त्यांनीच दिली.

बाबा लंगडत का होईना, चालले. घरी हात कमी पडले आणि माझी शाळा मात्र खरोखरच सुटली.

अजूनही मी मोठ्याने काही मागत नाही. फोनवर बाबा विचारतात, "काय होया गो तुका?"

"काय नको, बाबा. तुमी चालतास मां?"