मेलेल्यांचा कोट

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर हर्षदचा स्टुडिओ आहे. बाहेर काचेत नवरानवरीचे मोठाले फोटो, आत पांढरा पडदा, छत्रीचे दोन दिवे आणि कॉम्प्युटरसमोर वाकून बसलेला हर्षद. माणूस कामाला वाघ. पण धंद्याबद्दल विचारा, तोंड असं करील की आत्ताच कारल्याचा रस प्यायलाय.

त्याचंही बरोबरच होतं म्हणा. कापडे गावाहून सायकल मारत येऊन तो हा धंदा शिकला, तेव्हा उजेड बघायला शिकला होता. आता उजेड हवाय कुणाला? नवरी शेतात राबून सावळी झालेली, पण अल्बममध्ये ती तांदळाच्या उकडीसारखी पांढरी हवी. गालावरचा तीळ नको, कपाळावरचा वण नको. लग्नाआधी सावित्री नदीच्या पात्रात जोडीला उभं करायचं, रंगीत धूर सोडायचा, वर ड्रोन घोंघावत ठेवायचा, आणि जी दोघं अजून एकमेकांशी धड बोललेली नाहीत त्यांना कपाळाला कपाळ लावायला सांगायचं. हर्षदला या सगळ्याची किळस यायची. तरी करायचा, पोटाला कुठे किळस असते?

पण खरी शिसारी होती ती कोटाची.

इकडे घरातला म्हातारा गेला की त्याचा धड फोटो सापडत नाही. असतो तो कुणाच्या तरी पंगतीतला, तोंडात घास असलेला, नाहीतर आधार कार्डावरचा. मग घरचे तेवढं तोंड घेऊन स्टुडिओत येतात आणि म्हणतात, "ह्यांना जरा बरा कपडा घाला." हर्षदने त्यावर तोड काढली ती स्वतःच्या लग्नानंतर लगेचच. लग्नातला निळा कोट चढवला, मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसला, टायमर लावून फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर स्वतःचं मुंडकं उडवलं. कुणी गेलं की त्याचं तोंड त्या मानेवर बसवायचं, गोरं करायचं, मागे आभाळ टाकायचं. चहा होईपर्यंत स्वर्गवासी तयार. हातांच्या नखांवर लग्नातली हळद तशीच राहिली होती, ती पुसायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. पुढे महाडच्या एका फोटोवाल्याने ती फाइल मागितली, यानेही पेनड्राइव्हवर देऊन टाकली. झालं! उमरठपासून तुडीलपर्यंत भिंतीभिंतीवर तोच कोट.

कुठे लग्नाच्या शूटिंगला गेला की ओटीवर पहिलं दर्शन त्याचंच. वर परक्या म्हाताऱ्याचं तोंड, खाली आपली छाती, आपले हात, वरून हार. घरातल्या सुना त्याला नमस्कार करायच्या आणि हर्षद कॅमेरा घेऊन अंगणात सटकायचा.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय आपण," तो बायकोला, अंकिताला, म्हणायचा.

"खाताना बरं गोड लागतं," अंकिता म्हणायची.

त्याचा बाप रामजी छातीच्या दुखण्याने घरीच असायचा. शेजारचा हैबती गेला, त्याच्या बाराव्याला रामजी जाऊन आला आणि ओटीवर टेकत म्हणाला, "हैबती कोटात काय दिसतोय रे! मला पन तोच घाल."

"बा, तो मेलेल्यांचा कोट हाय. तुला नाय घालनार."

"मेल्यावर घालशीलच की, मुंडकं चिकटवून. तसला नको मला. जिता हाय तवर अंगात घालतो."

हर्षद तडकलाच. जन्मभर बंडी आणि खांद्यावर टॉवेल एवढ्यात वावरलेल्या माणसाला शेवटी हीच घाण हवी व्हावी! पण म्हातारा हटून बसला. शेवटी अंकितानेच कपाटातून डांबरगोळ्यांच्या वासाचा कोट काढून दिला.

तो चांगलाच ढगळ झाला. खांदे उतरले, कॉलर कानाला भिडली, बाह्यांतून नुसती बोटं बाहेर. त्यांतली दोन कधीकाळी कोयता लागून वाकडी झालेली. हर्षदने अंगणात सावलीला खुर्ची टाकली. म्हाताऱ्याने छाती काढली, हनुवटी वर केली आणि अशा काही ऐटीत बघितलं की हर्षदला कित्येक वर्षांनी बटण दाबताना सुख वाटलं. त्या फोटोला त्याने कॉम्प्युटर शिवू दिला नाही.

भात झोडून झालं आणि रामजी गेला. बाराव्याला तो फोटो ओटीवर लागला. लोक हात जोडायचे आणि वळून कुजबुजायचे. भावकीतला सखा तर भर पंगतीत बोलला, "भायेरच्यांची कामं कशी झ्याक करतो! सगळ्यांना कोट बसतो, बापालाच नाय बसला?"

चिकटवलेले सगळे खरे आणि अंगात घातलेला एकटा खोटा! हर्षदला त्या जेवत्या तोंडांची शिसारी आली. तो ताटावरून उठला.

थोरला भाऊ विनीत मुंबईहून आला होता. त्याला लाज वाटली. "लोक हसतायत यार. प्रॉपर करून दे ना."

"नाय करनार, दादा."

विनीतने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी महाडला गेला आणि सोनेरी फ्रेम घेऊन आला. जुना फोटो उतरवून कोपऱ्यात ठेवला, नवा टांगला, हार घातला. गोरा, गुळगुळीत रामजी, मागे आभाळ, कोट कसा अंगाबरोबर. सखाने मान डोलावली. हर्षद कोपऱ्यातल्या जुन्या फोटोजवळ जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात आई, सगुणाबाई, दिवा घेऊन बाहेर आली. दिवा खाली ठेवून तिने हात जोडले आणि तशीच बघत राहिली.

"हे हात त्यांचं नायत," ती म्हणाली.

"आये, काय फरक पडतो? तोंड तर बाबांचंच हाय ना?" विनीत म्हणाला.

"तोंड दिसतंय मला. वाकडी बोटं कुठं हायत?" ती पुढे झाली, काचेला नाक लावलं, आणि त्या पिवळ्या नखांवर बोट ठेवलं. मग वळून हर्षदच्या हातांकडे बघितलं.

"ही हळद मी लावलीय रे. तुझ्या लग्नात." ती विनीतकडे वळली. "माझ्या जित्या पोराला हार घातलाव तुमी?"

आणि तिने तो हार ओढून तोडला.