सलूहाचा निबंध आणि समुद्रातला पट्टा

सलूहा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा गेली, तेव्हा दारावरची बाई म्हणाली, "मुलांच्या आयांना आत सोडत नाहीत, बाई. पोरगं बाहेर येईपर्यंत त्या बाकावर बसा."

"पोरगं मीच," सलूहा म्हणाली आणि तिने ओळखपत्र पुढे केलं.

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. सफाक्स शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळभर दोनशे मुलांचं रांधायचं आणि दुपारी हात धुऊन वर्गात जाऊन बसायचं, असा तिचा दिवस. शालान्त परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाली होती. आता इतिहासाचं दुसरं वर्ष. "सून आणायच्या वयात ही शाळेत चालली," असं नवरा चारचौघांत म्हणायचा, पण ग्रंथालयाच्या दिवशी संध्याकाळची भाजी तोच चिरून ठेवायचा.

निबंधाचा विषय तिने मागून घेतला होता: केरकेन्ना बेटावरचे मासेमारीचे पट्टे. तिचं माहेर तिथलंच. तिथल्या उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालतात. ओहोटीबरोबर मासा कुंपणाच्या कडेकडेने जातो आणि टोकाच्या सापळ्यात शिरतो. समुद्राचा तेवढा तुकडा शेतासारखा घराण्याचा असतो. सलूहाच्या घरचाही एक होता, 'अर्जा' नावाचा, म्हणजे लंगडी. त्यातला अर्धा शेजारच्या अय्यादच्या बापाने हद्दीचा खुंट सरकवून लाटला, असं तिचे बाबा हमदा चाळीस वर्षं सांगत आले होते. त्यापायी दोन घरांत सलामसुद्धा उरला नव्हता. अय्याद वारला तेव्हा बाबा मयतीलाही गेले नाहीत.

ग्रंथालयात पुस्तकसूचीच्या चिठ्ठ्यांच्या खणांपाशी सी तिजानी, म्हणजे तिजानीसाहेब, बसत. निवृत्तीला आलेले, जाड भिंगाचे गृहस्थ.

"काय शोधताय, लल्ला सलूहा?" वयाने मोठे असूनही ते तिला मानाने 'लल्ला', बाईसाहेब, म्हणत.

"केरकेन्नाचा समुद्र."

"तो इथे मावायचा नाही. त्याच्याबद्दल लिहून कोण ठेवील, ते आधी बोला. ज्याला त्यातून काही हवं असेल, तोच. म्हणजे सगळ्यात आधी सरकार." त्यांनी एक खण ओढला. "आणि पुस्तक हाती आलं की आधी तळटिपा बघा. लिहिणारा कुणाकुणाच्या ओसरीवर बसून आलाय, ते तिथे कळतं."

तळटिपांच्या मागे लागत तिसऱ्या आठवड्यात ती फ्रेंच अमदानीतल्या एका जाडजूड पाहणीपाशी पोचली. त्यात पट्ट्यांची यादी होती, मालकांच्या नावांसकट. अर्जाच्या पुढे एकच नाव होतं, अय्यादच्या आजोबांचं. अख्खा पट्टा त्यांचा. आपल्या घराण्याचं नाव तिने वर शोधलं, खाली शोधलं, पान उलटून शोधलं. कुठेच नव्हतं.

तिने पुस्तक मिटलं आणि पुढचा आठवडाभर ग्रंथालयाकडे फिरकली नाही. लहानपणी खुंटाची ती गोष्ट ऐकतच ती झोपायची; पुढे तिने ती आपल्या मुलांनाही सांगितली होती. दुसऱ्याच पट्ट्यांवर लिहावं, असंही मनात आलं. शेवटी तिने जाऊन तिजानींना सगळं सांगून टाकलं.

"एक कागद म्हणजे एक साक्षीदार," ते म्हणाले. "साक्षीदारही चुकतो. दुसरा शोधा."

"आणि दुसराही तेच म्हणाला तर?"

"तर घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. निबंधात मात्र सांगावंच लागेल."

दुसरा सापडायला दोन महिने गेले. काझीच्या जुन्या दप्तराच्या नकला एका खोक्यात पडून होत्या. अक्षर इतकं किरटं की तिला चार शब्दही लागेनात. तिजानी ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले. अर्जा दोन माणसांनी मिळून रोवली होती. एक सलूहाच्या खापरपणजोबांचा बाप, दुसरा अय्यादचा पूर्वज. निम्मा याचा, निम्मा त्याचा. पाहणीवाल्या साहेबाने समोर जो उभा दिसला त्याचंच नाव टिपून घेतलं असावं.

तिने सगळा मजकूर वहीत उतरवून घेतला. आनंद व्हायला हवा होता. पण सारखा डोळ्यांपुढे येत होता तो अय्याद, गल्लीतून मान खाली घालून जाणारा.

शुक्रवारी ती बोटीने बेटावर गेली. बाबा अंगणात सापळा विणत बसले होते. तिने वाचून दाखवलं.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"खुंट सरकला होता. मी या डोळ्यांनी पाहिलाय."

"सरकला असेल, बाबा. वादळातही सरकतात."

त्यांनी आणखी दोन फेरे विणले. "तुझा आजा जाताना म्हणाला होता, 'अर्धा आपला, तेवढा पुरे.' मला वाटलं, तापात बरळतोय."

"निबंधात घालू हे?"

"घाल. आणि हमदा चाळीस वर्षं काय बोलत आला, तेही घाल. चूक तर चूक, पण बोललो होतो ना."

बापाचं बोलणं तळटिपेत कसं द्यायचं, ते तिजानींनी शिकवलं: नाव, गाव, तारीख. निबंधाला वीसपैकी चौदा गुण पडले. पट्ट्यांवरच्या सरकारी करांचा भाग कच्चा होता. शेवटी प्राध्यापकांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'दुसऱ्या घराला विचारलंत का?'

विचारलं नव्हतं. गुण आता बदलणार नव्हते, तरी पुढच्या सुट्टीत ती अय्यादच्या बायकोकडे, मबरूकाकडे निघाली. बाबा काठी घेऊन बरोबर आले आणि दारातच थबकले.

"सलाम, मबरूका."

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "आत ये. तू उंबऱ्यात उभा राहिलास तर पोरीला उजेड कसा मिळायचा?"

खुंट हमदाच्या बापाने सरकवला, असं त्या घरात सांगत आले होते. कधी, किती हात, कुठल्या खडकापर्यंत, सगळं मबरूकाला पाठ होतं. चहाचा तिसरा पेला होईस्तोवर ती बोलत राहिली आणि सलूहा लिहीत राहिली. बाबांनी मध्ये एकदाही 'खोटं' म्हटलं नाही.